खिडकीतली बारा टरफलं

चायो : हात पुसत बसू नकोस, मावशी. खिडकीतली अंड्यांची टरफलं कुठायत ते सांग.

मावशी : सांगितलं की! चौकात नेली. आज कार्निवल. कागदाचे तुकडे भरलेली अंडी लोकांच्या डोक्यावर फोडायची नाहीत तर काय उबवायची?

चायो : त्यात कागदाचे तुकडे नव्हते! माती होती!

मावशी : तरीच जड लागली! मला वाटलं, पोरीनं यंदा कागद ठासून भरलाय. रंगवली पण मी. निम्मी गुलाबी, निम्मी हिरवी.

चायो : रंगवताना कळलं नाही?

मावशी : कसं कळणार? तोंडाला पातळ कागद तूच चिकटवलेलास ना, दरवर्षीसारखा?

चायो : ओल उडू नये म्हणून! आत कोंब आले होते. आजोबांच्या मिरचीचे.

मावशी : अगं बाई! त्या रुमालातल्या बिया?

चायो : बारा होत्या. बाराच्या बारा लावल्या. परसातलं झाड तर थंडीनं जळालं. संपली आता ती मिरची.

मावशी : एखादी तरी बी मागे ठेवायचीस.

चायो : तू एखादं तरी डोकं सोडायचंस! कुणाकुणाला हाणलीस?

मावशी : एक बेकरीवाल्याला. बँडमधल्या तिघांना. तुझ्या मामाला दोन, त्याच्यावर जुना राग आहे. पाच पोरांनी पळवली.

चायो : अकरा झाली.

मावशी : बारावं... एवारिस्तो मास्तर हॅट काढून पाद्र्याशी बोलत होते. टक्कल असं चकाकत होतं गं...

चायो : ज्यानं अख्ख्या वर्गासमोर सांगितलं, तुझ्या हातून काही उगवायचं नाही?

मावशी : तेच. तू दप्तर फेकून घरी आलीस ना, तेव्हापासून माझ्या मनात होतं.

चायो : जोरात मारलंस?

मावशी : टेंगूळ आलं.

चायो : मग ते एक माफ.

(दारावर टकटक.)

मास्तर : रेमेदियोसबाई आहेत का?

मावशी : मी घरात नाही. सांग त्यांना.

चायो : ती म्हणतेय ती घरात नाही.

मास्तर : असू दे. तुझ्याकडेच आलोय. ही हॅट धर. हळू! माती सांडेल.

चायो : हॅटमध्ये कशाला आणलंत?

मास्तर : टेंगळावर बसत नाही ती आता. आधी वाटलं, गवत आहे. झटकणार होतो. मग पानाच्या टोकाला बी अडकलेली दिसली.

चायो : मिरची आहे. आजोबांची.

मास्तर : ओळखतो. त्यांनी एकदा मला चावायला लावली होती. दोन दिवस शाळेत तोंड उघडलं नाही.

चायो : मूळ पण तुटलं नाहीये!

मास्तर : तू लावलंस?

चायो : नाही, तुमच्या टकलावर उगवलं.

मास्तर : हं. पुढच्या वर्षी मला दोन बिया देशील?

चायो : लावता येतात?

मास्तर : नाही.

चायो : मग ऐका. टरफलाच्या बुडाला आधी सुईनं भोक पाडायचं. माती निम्मीच भरायची.

मास्तर : थांब, लिहून घेतो.