दोन राउटर, एक नंबर

— अवो मावशी, हात नका जोडू. आधी बसा. ते मशीन राहू द्या तिथंच टेबलावर — व्हय, वायर जोडायचं मशीन, ओळखलं मी, बंडप्पाचंच हाय — पण त्यानं यायचं सोडून तुम्हाला का धाडलं? लाजतोय? बंडप्पा लाजतोय? त्यानं कशाला लाजायचं! पाणी घ्या. कस्तुरामावशी, पोराच्या वतीनं तुम्ही माझ्याकडं माफी मागाय आलात, हे लई वंगाळ झालं. मालक आण्णासाहेब. मी त्यांचा नोकर, तसाच बंडप्पा. तो खांबावर चढून वायर जोडतो, मी इथं कळंबात पंख्याखाली बसून राउटर बघतो, एवढाच फरक.

राउटर म्हंजे? ही बघा, ही पेटी. अशी एक ढोकीला, एक वाशीला, अन् ही मधली. गावोगावचं इंटरनेट ह्यांच्यातनं जातं. प्रत्येक पेटी शेजारणीला सांगती — माझा नंबर अमुक, माझ्याकडनं ह्या ह्या वाटा निघत्यात. शेजारीण ते पुढं सांगती. असं करत करत सगळ्यांकडं सगळ्या मुलखाचा नकाशा होतो, अन् मग जी ती जवळची वाट धरती. लई शहाणी व्यवस्था हाय. वायर तुटली की लगेच हाळी, लगेच नवा नकाशा. पथ्य एकच — नंबर जिचा तिचा वेगळा पायजे. दोघींनी एकच नंबर सांगितला की संपलं. ढोकीवाली म्हणती माझ्या वाटा ह्या, वाशीवाली म्हणती माझ्या ह्या — नंबर एकच, मग खरं कुणाचं धरायचं? नकाशा काढ, पूस, परत काढ. नेट येतंय, जातंय, येतंय, जातंय. बघणाऱ्याला वाटतं वायरचा जोडच ढिला हाय.

तसंच वाटलं ना आण्णासाहेबांना. वाशीला नवी पेटी बसवली अन् दुसऱ्या दिवसापासनं बोंब सुरू. अडत दुकानात बिलं निघंनात, लोक फोन करकरून शिव्या द्यायला लागले. मालकानं बंडप्पाला धरलं. वाशीच्या रस्त्याचे सगळे जोड तोड अन् परत कर म्हणले. केले त्यानं, उन्हात, खांबाखांबावर चढून. तरी नेट तसंच. परत करायला लावले. मग चौकात, चार माणसांत — तुम्हाला सांगितलंच असंल त्यानं. न्हाय सांगितलं? मग राहू द्या.

अन् गंमत बघा — गंमत कसली डोंबलाची — बंडप्पाला कामावरनं काढला त्याच सांजेला नेट सुरळीत झालं. लोक म्हणले, बघा, बंडप्पा गेला अन् नेट आलं. आण्णासाहेबांनी मला शाल-नारळ दिला, फोटो काढला. कसं झालं म्हंजे? नंबर बदलला मी, वाशीचा. ढोकीच्या पेटीतलं सगळं लिखाण उचलून वाशीच्या पेटीत चिकटवलं होतं — आमच्यात असंच करत्यात मावशी, एकेक ओळ कोण लिहीत बसतंय — चिकटवलं की नंबर तेवढा बदलायचा. तेवढा राहिला.

नंतर ध्यानात आलं हो, नंतर. पेटी स्वतःच सांगती, पडद्यावर अक्षरं येत्यात — माझा नंबर दुसरं कुणीतरी वापरतंय. ती वाचली अन् ताडकन उठलो. खिडकीतनं बघितलं तर खाली बंडप्पा गाडीला शिडी बांधत होता, वाशीला जायला, म्हंजे —

व्हय मावशी. दुसऱ्यांदा जोड करायला निघाला होता तवा. नुसती हाक मारायची होती.

म्हणलं, त्याला करू दे जोड, तो खाली उतरला की मी गुपचूप नंबर बदलतो. त्याच्या जोडानंच नेट आलं असं होईल, त्याचं बी नाव राहील, माझं बी. खरंच असं ठरवलं होतं. पण आण्णासाहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले ते हलायलाच तयार न्हाईत. त्यांच्यासमोर हात कसा लावू? अन् उठले ते थेट चौकात गेले, बंडप्पाकडं.

आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर मी. माझं चुकलं तर लोक 'प्रसेनजित चुकला' म्हणत न्हाईत, 'ह्यांना काय जमतंय' म्हणत्यात. पण हे तुम्हाला कशाला ऐकवतोय? बंडप्पाचा त्यात काय गुन्हा? आमचे तात्या ती शाल येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवत्यात, अन् मला ताटावर मान वर करता येईना. लाज वाटती मावशी. लई लाज वाटती. आज सांगतो मालकाला. तुमच्यासमोर सांगतो, तुम्ही फक्त बसा —

थांबा. त्यांचाच फोन.

हॅलो — हां साहेब, नमस्कार — व्हय, एकदम बरोबर चाललंय, परत एकदा बी गेलं न्हाय — कशामुळं म्हंजे — जोडच साहेब, जोडच कच्चे होते, दुसरं काय — हां, बघा की नवा माणूस — न्हाय न्हाय, इथं कोण न्हाय. मी एकटाच हाय.

मावशी, असं बघू नका. निघा तुम्ही. जिन्यात उजेड न्हाय, पायऱ्या जपून उतरा.