माईकवर घ्यायचं नाव

बेळगावच्या स्टँडवर बेंगळूरची लाल गाडी लागली होती. समता खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर नंदगडचं एक म्हातारं जोडपं, म्हातारीच्या मांडीवर भाकऱ्यांचं गठळं.

“हॉटेलात जेवायचं न्हाय, रिक्षा करायची न्हाय. बेंगळूर बघायचं ते चालतच.”

“आन् गर्दीत चुकामूक झाली तर? फोन एकच, त्यो तुमच्या खिशात.”

“पोलिसाला गाठायचं. जत्रंत पुकारतात तसं माईकवर पुकारतील.”

“काय म्हणून?”

“माझं नाव घिऊन.”

“अगं बाई! तुमचं नाव मी सांगू?”

“मग काय ‘आमचे हे’ म्हणून पुकारतील? आत्ताच घिऊन बघ एकदा.”

“न्हाय बा. लगीन झाल्यापासनं घेतलेलं न्हाय.”

“ऱ्हाऊ दे. पाणी तरी भरून आणतो. इकतचं कशाला?”

म्हातारा नळावर गेला आणि इकडं गाडी हलली. तो पाठमोराच. समता ओरडायला उठली, तोवर पुढच्या खिडकीतनं आवाज फुटला.

“भीमाप्पा! ओ भीमाप्पा! गाडी चालली!”

गाडी थांबली. म्हातारा धापा टाकत चढला.

“कोण वरडलं गं?”

“मागची पोरगी.”

“तिला माझं नाव कुणी सांगितलं?”