पाहुण्यांचं नेट

(फोनवर. ताई भावाच्या घरी, भाऊ त्याच्या ऑफिसात.)

ताई : तिसऱ्यांदा बंद करून चालू केला, बाळ्या. तेच रडगाणं. ‘जोडता येत नाही.’

भाऊ : लॅपटॉप नाही गं, राउटर बंद करायचा. चपलांच्या कपाटावर बघ, अगदी मागे.

ताई : शी! काय ठेवलंयस हे! धुळीवर केस, केसांवर धूळ आणि... अरे देवा, पाल. मेलेली. वाळून कडक झालीय.

भाऊ : तिला सोड. मागचं बटण दाब, थोडं थांब, पुन्हा दाब.

ताई : सोडू कशी? बटणावरच झोपलीय ती. थांब, कागदाने ढकलते. ई! सगळं चिकट! तुम्ही याच घरात जेवता ना रे?

भाऊ : ताई, माझी मीटिंग आहे. दिवे हिरवे आहेत का, एवढंच सांग.

ताई : हिरवेगार. तुझा टीव्हीसुद्धा त्याच नेटवर मजेत चाललाय. माझा लॅपटॉपच तेवढा सावत्र.

भाऊ : मग मोबाईलवरून दे की मुलाखत.

ताई : मागची तशीच दिली. दर वाक्याला तुटत होती, त्यांना वाटलं बाई तोतरी आहे. आज शेवटची फेरी, अर्ध्या तासात. ही नोकरी लागली की मी खोली घेते, तुझ्या गळ्यातलं लोढणं सुटतं.

भाऊ : लोढणं कोण म्हणालं तुला?

ताई : कुणी नाही. पुढे बोल.

भाऊ : खाली कोपऱ्यात नेटवर्कचं नाव काय दिसतंय?

ताई : दोन दिसतायत. एक ‘घर’. एक ‘घर-पाहुणे’. माझा दुसऱ्यावर आहे. तूच जोडून दिला होतास, मी आले त्या रात्री.

भाऊ : बरं, ते असू दे.

ताई : आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे. थांब, चष्मा लावते. ‘पाहुण्यांच्या प्रवेशाची मुदत संपली आहे.’ मुदत? कसली मुदत?

भाऊ : ते आपोआप होतं गं. सेटिंगच असतं तसं.

ताई : आणि सेटिंग कोण करतं?

भाऊ : महिनाभराचं टाकलं होतं. मला वाटलं, तोवर तुझं आणि भावजींचं मिटेल.

ताई : दंडावरचे वळ दाखवले होते ना मी तुला? ते बघून वाटलं, महिन्यात मिटेल?

भाऊ : हिचंही म्हणणं पडलं की...

ताई : बायकोच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. बटणं दाबली ती बोटं तुझी.

भाऊ : अगं, नुसतं नेटवर्कचं नाव ते! त्यावरून एवढं?

ताई : तुझ्या पोरांचे डबे भरताना मी घरची. त्यांना शाळेतून आणताना घरची. नेटपुरती तेवढी पाहुणी. पालीची किळस आली, ती साबणाने जाईल रे. तुझी आली, ती कशाने धुऊ?

भाऊ : ताई, चुकलं. ऐक, घरचा पासवर्ड सांगतो. आईचंच नाव आहे, सगळं जोडून लिही...

ताई : आईचं नाव. वा! आईच्या नावाचं कुलूप लावलंस आणि लेकीला बाहेर ठेवलंस. नको मला.

भाऊ : नको काय? मुलाखत आहे ना तुझी?

ताई : देणारच आहे. समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात. मघाशी खिडकीतून नुसतं विचारलं, नेट आहे का हो? तर म्हणाल्या, मशीन बंद ठेवते, आत येऊन बसा.

भाऊ : अख्ख्या गल्लीसमोर? लोक काय म्हणतील?

ताई : विचार त्यांना. माझी बॅग भरायला वेळ लागत नाही, उघडलीच कुठे होती पुरती.

भाऊ : बॅग कशाला? ताई, संध्याकाळी बसून बोलू आपण. आणि... पोरांना आणशील ना आज शाळेतून?

ताई : पाहुण्यांनी जाताना किल्ली कुठे ठेवायची, तेवढं सांग.