साखर बंद

(वृद्धाश्रमातली खोली. आईला दुसऱ्यांदा दवाखान्यातून परत आणलं आहे. तिचे डोळे उघडे आहेत, ओळख नाही. कॉटशी मुलगा, सिस्टर आणि आईचं सगळं करणाऱ्या मावशी.)

मुलगा : पण गोळी बंद करायची हे मी सांगितलं होतं, सिस्टर! मागच्या वेळी दवाखान्यातून आणलं तेव्हा, आल्या आल्या, दारातच!

सिस्टर : काय म्हणालात दारात? शब्द आठवा.

मुलगा : शब्द काय आठवायचे त्यात? डॉक्टर म्हणाले, किडन्या थकल्यात, खाणं उतरलंय, साखरेची बंद. तेच सांगितलं.

सिस्टर : तुम्ही म्हणालात, ‘साखर बंद’.

मुलगा : मग तेच की!

सिस्टर : तेच नाही हो. मी चहातली साखर बंद केली. साखर उतरवायची गोळी देत राहिले.

मुलगा : अरे देवा... आणि तो गोळ्यांचा कागद? नंतर पाठवतो म्हणाले होते ना दवाखान्यातून?

सिस्टर : आला. आई बेशुद्ध पडल्यावर आला. मी फोन करून विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

मावशी : दादा, माझ्याकडे मागत होत्या हो. ‘चिमूटभर घाल गं, कोण बघतंय!’ अंगाला दरदरून घाम, कप हातात धरवेना. आणि मी मेली त्यांनाच दटावतेय, ‘आजी, लाड पुरे झाले!’

मुलगा : घाम दिसत होता, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही?

सिस्टर : मावशींना बोलू नका. घाम मीही पाहिला. दवाखान्याचा शीण असेल म्हटलं. तेव्हाच साखर तपासली असती, तर मेंदू वाचला असता, आज त्या तुमच्याशी भांडत असत्या.

मुलगा : आता ओळखेल का ती मला? खरं सांगा.

सिस्टर : नाही.

मावशी : असं कसं? सकाळी घट्ट धरलं की माझं बोट!

सिस्टर : तळहाताला बोट लागलं की मूठ मिटते, मावशी. तान्ह्या बाळाचीही मिटते.

मुलगा : (आईच्या तळहाताजवळ नेलेलं बोट मागे घेतो.)

सिस्टर : आता इथे कुणीही दवाखान्यातून आलं, की एकेक गोळी हातात घेऊन विचारते. कशाची, चालू की बंद. समोरच्याने पूर्ण वाक्य बोलायचं, मी तेच परत म्हणायचं. तो ‘बरोबर’ म्हणेपर्यंत गोळी द्यायची नाही.

मुलगा : आता काय उपयोग त्याचा?

सिस्टर : यांना काही नाही. तुम्ही तक्रार करा माझी, मी नाही म्हणणार नाही. पण एक आजच विचारायला हवं. आईंच्या छातीत कफ भरतोय. ताप चढला, श्वास अडला, तर?

मुलगा : नको.

सिस्टर : काय नको?

मुलगा : आता काहीच नको.

सिस्टर : असं नाही चालणार. पूर्ण बोला.

मावशी : राहू द्या ना सिस्टर! जिवावर येतंय त्यांच्या. कळलं की आपल्याला.

सिस्टर : मागच्या वेळीही कळलंच होतं, मावशी.

मुलगा : ताप चढला... श्वास अडला, तर आईला दवाखान्यात न्यायचं नाही. नळ्या घालायच्या नाहीत. मला बोलवायचं. आणि... तिला इथेच जाऊ द्यायचं.

सिस्टर : ताप चढला, श्वास अडला, तर आईंना दवाखान्यात न्यायचं नाही. नळ्या घालायच्या नाहीत. तुम्हाला बोलवायचं. त्यांना इथेच जाऊ द्यायचं.

मुलगा : हं.

सिस्टर : ‘हं’ नाही, दादा.

मुलगा : बरोबर.