जाड इन्सुलेशनची केबल

औशाच्या एसटीत केवळाबाईच्या पुढच्या सीटवर बाप-लेक बोलत होते.

"लुंबिनी, तुमच्या तेल कारखान्यात अर्थिंगचा खड्डा हाय की. मीठ-कोळसा मीच भरलाय. साधी केबल चालंल."

"बाबा, तो खड्डा मशिनीच्या बॉडीचा. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच न्हाई. एक फेज जमिनीला टेकली तरी लाइन चालूच राहती, अन् बाकीच्या दोन फेजवर व्होल्टेजचा ताण वाढतो. साधी केबल फुटली तर माणूस जाईल. जाड इन्सुलेशनचीच केबल पाहिजे."

"तीस साल लाइनमन होतो, आमची लाइन तर लगेच ट्रिप होऊन बंद पडायची. पण तुझं पटलं. आता साधी केबल घ्या म्हणणाऱ्या तुझ्या सायबालाबी असंच समजावून सांग."

"त्यांनी ऐकलं न्हाई तर?"

"केबलच्या कागदावर सही कुणाची?"

"माझीच."

"मग?"

केवळाबाईनं पुढं वाकून पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाडच घे, माय. माझा पोरगा सुदर्शन तिथंच कामाला हाय."