गच्चीवरची वानरीण

(जळगाव, मेहरूण. रविवारची दुपार. सारिका, तिची सासू भिकुबाई अक्का आणि पाळण्यात चार महिन्यांचं बाळ.)

अक्का : …तुलेच काय, कोनलेबी खरं वाटणार नही. पन या डोळ्यांनी पाह्यलं मी. तुझा तो दूध काढायचा पंप वानरिणीनं नेला.

सारिका : अक्का, मी कपाट उपसलं, धुण्याची बादली उलटी केली. आज रजा संपते. उद्या सकाळी मला भुसावळला शाळेत हजर व्हायचंय. पंप कुठे आहे?

अक्का : सांगते ना. गच्चीवर व्हता. मीच धुऊन उन्हात ठेवला.

सारिका : तुम्ही? कसायाचं अवजार म्हणून इतके दिवस बोट लावलं नाहीत, आणि आजच पुळका आला?

अक्का : कसायाचंच शे ते! डेअरीवर म्हशीले लावता तसं. अन् घरची सून दार लोटून घर्र घर्र करत बसते. चारचौघींत सांगायची लाज वाटते माले.

सारिका : मग नका सांगू. ट्रंक उघडा तुमची.

अक्का : माझ्या ट्रंकेले हात तर लावून पाहा! लुगडी शेत तिच्यात, तुझा पंप नही.

सारिका : बरं, बाळ किरकिर करतंय. घ्या जरा खांद्यावर, मी गच्ची बघून येते.

अक्का : आज नको. छातीशी नही धरवत माले. राहू दे पाळण्यात.

सारिका : नातवालाही घ्यायचं नाही आता?

अक्का : तू टाकून चाललीस ते चालतं! त्या शेजारच्या बेबाबाईच्या सुनेले रक्त निघालं असल्या यंत्रानं. नोकरीपायी रक्त काढशील?

सारिका : तिला मापाचा कप नव्हता. तुमच्या प्रेमराजनेही आधी तसलाच आणून दिला होता मला, हाताने दाबायचा. दुकानदाराने जो दिला तो घेतला. कातडी सोलली माझी, मनगट आखडलं. मग मीच डॉक्टरीणबाईंना विचारून मापाचा कप घेतला, हा चार्जिंगवर चालणारा आणला. चप्पल घेताना माप बघतो ना आपण?

अक्का : आम्ही कशाचंच माप पाह्यलं नही. प्रेमराज एवढासा व्हता अन् मी कापूस वेचाले जायची. दुपारपर्यंत छातीचा दगड व्हायचा. बांधाआड बसायचं, हातानं पिळायचं. कोनाच्या पायाखाली येऊ नही म्हणून बोरीच्या बुडाशी सोडायचं. अन् घरी लेकरू सासूचं बोट चोखत पडायचं. मेले का मी?

सारिका : नाही मेलात. पण तेच दूध घरी पोचलं असतं तर बोट चोखलं असतं का त्याने?

अक्का : …वानरिणीचं ऐकायचं शे का नही?

सारिका : सांगा. होऊन जाऊ दे.

अक्का : तर मी गच्चीच्या दारात उभी, अन् ती तलावाकडून आली. ही एवढी धिप्पाड, छातीले पिल्लू चिकटलेलं. कठड्यावर बसली बाईसारखी मांडी घालून. पंप हुंगला, उलटासुलटा केला, अन् लावला की गं कप छातीले! बटन दाबलं. आधी ते फडफड फडफड करतं, मग दमानं ओढाले लागतं. तिले वाटलं, अजून काहीच नही, म्हणून वाढवत गेली. पार नऊवर नेलं! माय वं! दात आवळले, कठडा धरला, डोळ्यांत टचकन पानी. पन रांड ओरडली नही.

सारिका : मग बंद का नाही केलं?

अक्का : बंदचं बटन कोनतं, तिले काय ठावं? शेवटी ओरबाडून काढला. बाटलीत पाह्यलं तर कोरडी ठक्क. मग म्हणाली, असल्या जाचात लेकीबाळींनी रोज बसायचं? अन् उचलला, निंबावर चढली, गेली.

सारिका : वानरीण म्हणाली?

अक्का : सातपुड्याच्या पायथ्याची शे मी. वानराचं बोलणं-चालणं बठ्ठं समजतं माले.

सारिका : पिल्लू अंगावर पीत होतं ना तिच्या? मग बाटली कोरडी कशी?

अक्का : …वय झालेलं व्हतं तिचं.

सारिका : पिल्लू होतं आणि वयही झालं होतं. आणि तो नऊचा आकडा? तांदळाच्या कणीएवढा आहे. तुम्हाला पंचांग हातभर लांब धरावं लागतं, अन् गच्चीच्या दारातून नऊ दिसला?

अक्का : ऊन चांगलं व्हतं.

सारिका : अक्का, मी तीनच्या वर कधी नेत नाही. नऊवर कोणीच नेत नाही.

अक्का : तीन?

सारिका : तीन. त्याने दुखत नाही.

अक्का : …मग तू दार लोटून रडत नही बसायची?

सारिका : मोबाईल बघत बसायचे.

अक्का : माले वाटायचं…

सारिका : वानरीण आलीच नाही, अक्का. तुम्ही स्वतःला लावून पाहिलात. ट्रंकेची किल्ली द्या, आणि पदर सरकवा जरा. मिठाचा शेक देते. फार लागलंय का?