दिल्लीहून आलेला फॅक्स

(जालना एमआयडीसी, १९९९. युनियनचं ऑफिस. सेक्रेटरी भुजंगराव आणि रोलिंग मिलमधला कामगार कडूबा.)

कडूबा : पण भुजंगराव, गेल्या हप्त्यात तर तुम्ही शेठला रक्तपिपासू म्हणले. माईकवर.

भुजंगराव : तवा शेठ दुसऱ्या पक्षात होते. आता आपले उमेदवार हायेत.

कडूबा : मंग रक्त पिणं कधी सोडलं त्यांनी?

भुजंगराव : तिकीट बुधवारी जाहीर झालं.

कडूबा : लई जल्दी सुटली सवय.

भुजंगराव : थट्टा करू नको. दिल्लीहून फेडरेशनचा फॅक्स आलाय. प्रचाराला लागा म्हणून. देशभर लाखोनं मेंबर हायेत आपले. पक्ष आन फेडरेशन म्हंजी सख्खे भाऊ.

कडूबा : आन मिलमधी भट्टीपुढं उभे राहणारे?

भुजंगराव : ते तर घरचेच.

कडूबा : म्हणूनच जेवायला शेवटी.

भुजंगराव : ऐक. महेबूबची केस कामगार कोर्टात हाय. विरोधक गावभर तीच वाजवून राह्यलेत. त्यानं ती मागं घ्यायची, एवढंच. कागद टाईप करून ठेवलाय.

कडूबा : लाल सळई पायातून गेली त्याच्या. दोन वर्षं बूट मागत होतो आम्ही. वरून शेठनं कामावरून काढला. केस लाव म्हणून तुम्हीच त्याच्या मागं लागले होते.

भुजंगराव : लावणारे आम्ही, काढणारेबी आम्हीच.

कडूबा : बराबर. पाय तेवढा त्याचा.

भुजंगराव : निवडणूक झाली की शेठ त्याला वॉचमन घेतील. शब्द दिलाय.

कडूबा : लिहून?

भुजंगराव : आपल्या माणसाकडून लिहून घेतात का कुठं?

कडूबा : मालकाचा तोंडी शब्द धरायचा न्हाई, हे बदनापूरच्या शिबिरात कोण शिकवत होतं? आम्ही सतरंजीवर बसून वहीत उतरून घेतलं ते.

भुजंगराव : महेबूब बाहेर बसलाय. त्याला उर्दूच वाचता येतं, आन तू वाचून दाखवल्याबिगर तो सही करत न्हाई. नोकरीचा अर्ज हाय म्हणून सांग. पुढच्या महिन्यात तुला जिल्हा कमिटीवर घेतो.

कडूबा : बोलवा त्याला.

भुजंगराव : ये महेबूब, ये. हळू. बस इथं.

महेबूब : सलाम, भुजंगराव. कडूबा, वाच रे भाई. घरी फरजाना वाट बघून राह्यली, नोकरीचं काय झालं म्हणून. तू म्हणशील तिथं सही करतो.

कडूबा : 'मी, शेख महेबूब, मिलमालकांविरुद्धची माझी केस राजीखुशीने मागे घेत आहे. अपघात माझ्याच चुकीमुळे झाला. माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.'

महेबूब : आन नोकरीचं?

कडूबा : त्याच्याखाली कागद कोरा हाय.

भुजंगराव : कडूबा, काय करून राह्यलास, कळतं का तुला?

कडूबा : वाचून राह्यलो.